अर्थ सुटलाय

वडाळा नाक्यावर सकाळी साडेसातला
दौलत ढिकल्यांची ओम्नी येते
तीच काचेवर अर्धा हात वर करून.
वायपर मध्येच थांबलेला,
हात वर केला आणि उत्तर विसरलं
अशा पोरासारखा.

दिंडोरी रोडला पहाटे धुकं असतं, ढिकले सांगतात,
द्राक्षाच्या मांडवांवरून उठतं आणि काचेवर येऊन बसतं,
कोल्ड स्टोरेजला सहाला हजेरी,
आणि हा असा.
मोटर नवी टाकली. अठ्ठावीसशे गेले.
बिल दाखवतात, कुणी मागितलेलं नसताना.
मग विचारतात, मिस्त्री कुठंय?
मी हातातला टेस्ट लॅम्प वर करते.
ते इद्रिस चाचांकडे बघतात.
चाचा चहाकडे.

आधी फ्यूज.
उडालेल्या फ्यूजवर कुणीतरी
सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळलेली.
चाचा ती सोडवून बरणीत टाकतात.
बरणी निम्मी भरत आलीय.
आग लागता लागता राहिली, त्या गाड्यांची ही यादी,
ते म्हणतात.

मग चाचा डॅशबोर्डखाली आडवे,
डोकं पेडलपाशी, पाय रस्त्यावर.
कुठला रंग?
निळी, पांढऱ्या रेघेची.
ही?
ती काळी, चाचा.
खालून जरा वेळ काहीच येत नाही.
मग: अंधार आहे इथं.
बॅटरी त्यांच्याच हातात असते. चालू.

तेव्हापासून रंग मी आधीच सांगून टाकते,
स्वतःशी बोलल्यासारखे.

प्लगपर्यंत करंट येतोय.
स्विच खरा, रिले खरा, नवी मोटर खरी,
जुनीही खरीच असणार, ती भंगारात गेली.
पण हेडलाइट लावला की वायपर रांगतो,
हॉर्न मारला की दचकतो.
चाचा हसायला लागतात.
ज्याला घरी जायची वाट नाही
तो करंट दुसऱ्याच्या घरात शिरतो.
अर्थ सुटलाय याचा.

सातपूरला आयटीआयच्या पुस्तकात
ह्याला भूसंपर्कन म्हणायचे.
चार मार्कांची व्याख्या. मी पाठ केली होती,
मार्क पडले,
अर्थ इथं येऊन कळला.

मीटरचा एक पाय मोटरच्या अंगाला,
दुसरा बॅटरीच्या मायनसला.
वायपर चालू. तूच वाच, चाचा म्हणतात.
जिथं शून्य हवं
तिथं चार पूर्णांक दोन.
बारातले चार परतीच्या वाटेवर सांडतायत
आणि ढिकले अजून म्हणतायत, मोटरच कमजोर दिली.

बोल्ट सापडतो काचेच्या खाली, पत्र्याच्या कपारीत.
त्याच्या थिंबलखाली रंग.
हो, ढिकल्यांना आठवतं, दोन वर्षं झाली,
पिंपळगावला ट्रॅक्टरनं ठोकली होती,
मग पेंटिंग करून घेतलं.
रंगाऱ्यानं जीव ओतून मारलेला रंग.
कुणाला दिसणार नाही तिथंसुद्धा.

पॉलिश पेपरनं घासते.
पांढरा जातो, त्याखाली गंज,
गंजाखाली नाण्याएवढा उघडा पत्रा,
त्यात माझ्या बोटाची सावली.
नवी थिंबल. वॉशर. वर व्हॅसलिनचं एक बोट.

वायपर जातो. येतो.
कोरड्या काचेवर कुरकुरतो.
स्विच बंद केला तरी लगेच थांबत नाही,
आपल्या जागेपर्यंत चालत जातो
आणि मगच आडवा होतो.
चाचा तेवढंच तीनदा करून बघतात,
काचेला नाक लावून.

ढिकले पैसे चाचांना देतात.
चाचा नोटा डोळ्यांपाशी नेतात,
मग माझ्याकडे सरकवतात. मोज.

दुसऱ्या दिवशी पावणेसहाला फोन.
कुणी बोलत नाही,
नुसतं ओल्या काचेवरचं फडकं फिरल्यासारखं काहीतरी,
थप, पुन्हा थप.
मग ढिकल्यांचा आवाज: ऐकलं का, मिस्त्री?

मी मागं वळून बघते.
घरात सगळे झोपलेले असतात.